माणूस लबाड आहे? मग कुलूप राजाच्या दाराला लावा

दोन वर्षांपूर्वी एका डेमोत मी क्लायंटला खोटी स्क्रीन दाखवली. मागे कोडच नव्हता, आकडे हाताने टाकलेले. मला टोचत होतं. सीनियर म्हणाला, "अरे, माणूस असाच असतो. मॅकियाव्हेली वाच." मी खरंच वाचला. तेव्हापासून हे वाक्य ऐकलं की डोकं फिरतं.

‘द प्रिन्स’चं अठरावं प्रकरण सगळ्यांना ऐकून माहीत असतं: माणसं वाईट, शब्द पाळत नाहीत, म्हणून राजानेही पाळायचं कारण नाही. त्याने सिंह व्हावं, कोल्हाही व्हावं. पण त्याच प्रकरणात तो म्हणतो की राजा दयाळू, विश्वासू, धार्मिक दिसलाच पाहिजे. का बरं? सगळेच लबाड असतील तर हे सोंग कुणासाठी? खोटी नोट खपते ती खऱ्या नोटांच्या जिवावर.

याच माणसाने ‘डिस्कोर्सेस’ही लिहिलं. तिथे गृहीतक तेच: कायदे करणाऱ्याने सगळी माणसं वाईट आहेत असं धरूनच चालावं. उदाहरण रोमचं. टार्क्विन राजांची भीती होती तोवर उमराव जनतेशी गोड वागले; भीती संपताच विष ओकू लागले. उपाय काय झाला? जनतेनेही फसवायला शिकावं, हा नाही. उमरावांना अडवणारे ट्रिब्यून नेमले गेले.

हे तर आमचं रोजचं काम आहे. युजर वाटेल ते टाइप करेल हे धरून आम्ही व्हॅलिडेशन लिहितो. म्हणून सर्व्हरनेही थापा माराव्यात, असं कुणी म्हणत नाही. आणि ज्याच्याकडे जास्त अ‍ॅक्सेस, त्याचा लॉग आधी तपासतात.

कुणीतरी लगेच गनिमी कावा काढेल. महाराज 1666 साली आग्र्याहून निसटले ते औरंगजेबाला फसवून, रयतेला फसवून नाही. मतदार तुमचा शत्रू आहे का? नसेल, तर ‘राजकारणात चालतंच’ म्हणणारा तुम्हाला मनुष्यस्वभाव समजावत नाहीये, स्वतःसाठी सूट मागतोय.

मीही तीच मागितली होती. ते फीचर आम्ही नंतर रात्री जागून उभं केलं. क्लायंटला मी अजून काही सांगितलेलं नाही. स्वभाव वगैरे सोडा, मला कुणी विचारलंच नाही.