उघडी गाडी, बंद काच

सेलू म्हटले की बहुतेकांना परभणीकडचे सेलू आठवते. आमचे सेलू ते नव्हे. आमचे सेलू वर्धा जिल्ह्यातले, नागपूर-वर्धा रस्त्यावरचे, बोर नदीच्या काठचे. कापसाचा बाजार, एके काळच्या केळीच्या बागांची आठवण आणि माणसाचा अंत पाहणारे ऊन, एवढीच आमची मिरवण्याजोगी संपत्ती. अशा या गावात गेल्या मार्च महिन्यात एका सकाळी माझ्या दारापुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून एक सांगाडा उतरवला गेला आणि अर्ध्या तासात सगळी आळी गोळा झाली. लोखंडी नळ्यांचा पिंजरा, पुढे दोन बारीक चाके, मागे दोन जाडजूड, मध्ये दोन खुर्च्या आणि पाठीमागे उघडेवाघडे इंजिन. दार नाही, काच नाही, टप नाही. शेजाऱ्यांनी एक फेरी मारून पाहणी केली आणि गंभीरपणे विचारले, "काकाजी, गाडी अर्धीच आणली काय जी? बाकीची मांगून येते काय?"

हा उद्योग माझ्या धाकट्या भावाच्या नातवाचा. तो इंजिनीयरिंगला आहे. त्याने आणि त्याच्या चार मित्रांनी भंगारातल्या मारुती ८०० चे इंजिन आणून वर्षभर खपून ही गाडी तयार केली. होस्टेलात ठेवायला जागा नाही म्हणून ती माझ्या गोठ्यात आली. गोठा गेली सहा वर्षे रिकामाच आहे. "आबाजी, ही सँड रेल आहे," तो म्हणाला. बँकेत पस्तीस वर्षे काढलेला माणूस कागद वाचल्याशिवाय सही करत नाही आणि माहिती काढल्याशिवाय गाडीत बसत नाही. तेव्हा मी माहिती काढली.

मूळ कल्पना कॅलिफोर्नियाच्या समुद्रकाठची. १९६४ साली ब्रूस मेयर्स नावाच्या, होड्या बांधणाऱ्या एका कारागिराने फायबरग्लासची हलकी काया घडवून वाळूवर चालणारी गाडी केली. पुढे अशा गाड्या फोक्सवॅगन बीटलच्या खालच्या भागावर उभ्या राहू लागल्या. १९६७ साली मेक्सिकोतल्या बाहा द्वीपकल्पातली लांब पल्ल्याची शर्यत त्याच्याच गाडीने जिंकली आणि या प्रकाराला नाव मिळाले. सँड रेल त्याच्याही पुढची. तिने ती फायबरची कायाही टाकून दिली आणि नुसत्या नळ्या ठेवल्या. इंजिन मागे, म्हणजे वजन मागच्या चाकांवर, म्हणजे वाळूत पकड चांगली. पुढची बाजू हलकी, म्हणून तोंड वाळूत रुतत नाही. आपल्याकडे २००७ सालापासून इंदूरजवळच्या पिथमपूरला इंजिनीयरिंगच्या विद्यार्थ्यांची अशा उघड्या गाड्यांची स्पर्धा सुरू झाली. तिचेही नाव 'बाहा'च. आमच्या मुलांची गाडी तिथपर्यंत पोचली नाही. ती गोठ्यापर्यंत पोचली.

आता, वाळूची गाडी म्हटल्यावर वाळू हवी. आमच्याकडे वाळूला रेती म्हणतात आणि ती हल्ली नदीपेक्षा ट्रकमध्येच अधिक दिसते. तरी पोराची नजर बोर नदीच्या पात्रावर होती. मी नाही म्हणालो. उन्हाळ्याच्या तोंडाशी टिटवी उघड्या रेती-गोट्यांतच अंडी घालते, आणि ती अंडी हुबेहूब गोट्यांसारखी दिसतात. चाकाखाली काय गेले हे चालवणाऱ्याला कळतही नाही. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर लोक कासवांची अंडी जपतात. तिथल्या वाळूत गाडी घालू नये हे ज्याला पटते, त्याला आपल्या नदीतली टिटवीही पटायला हवी. सार्वजनिक रस्त्याचा तर प्रश्नच नव्हता, कारण गाडीला नंबर नाही, पासिंग नाही. उरले माझे चार एकर. पऱ्हाटी उपटून झाली होती, वखरणी व्हायची होती. वावर मोकळे होते.

या गाडीत बसणे म्हणजे पहिली परीक्षा. दार नसल्यामुळे नळीवरून पाय टाकून आत उतरावे लागते. सहासष्टाव्या वर्षी गुडघ्याला हे आधी समजावून सांगावे लागते. मग खांद्यांवरून, कमरेवरून आणि दोन पायांच्या मधून असे पाच पट्टे आवळले जातात. डोक्यावर हेल्मेट, डोळ्यांवर जाड चष्मा, नाकातोंडाला दुपट्टा. आमच्या सौभाग्यवती ओट्यावरून म्हणाल्या, "यमाले ओळखू येऊ नये म्हणून एवढं सोंग करून राहिले काय?"

सुरुवातीची पाच मिनिटे मला फक्त दुःखच समजले. वखरणीआधीची काळी जमीन म्हणजे ढेकळांचा समुद्र. प्रत्येक ढेकूळ खुर्चीतून मणक्यात आणि मणक्यातून दातांत येते. मागचे इंजिन कानाशी बसून ओरडत असते, त्यामुळे शेजारच्याशी बोलायचे तर हातवारे करावे लागतात. पांदणीवर आलो की फुफाटा. पुढची चाके तो उडवतात आणि आपण त्यातूनच पुढे जातो. दुपट्ट्याच्या आतही दाताखाली माती करकरते. एक किडा चष्म्यावर आपटला, दुसरा गळ्यात उतरला. आणि ऊन! १९४२ च्या जून महिन्यात अमेरिकन पत्रकार लुई फिशर सेवाग्रामला गांधीजींकडे आठवडाभर राहिला होता. आमच्या उन्हाने त्याची अशी गत केली की तो पाण्याच्या टबात बसून टाइपरायटर चालवत असे. मी मार्चच्या सकाळी नऊ वाजता होतो, तरी लोखंडी नळीला हात लागला की चटका बसत होता.

आणि तरीही, वाचकहो, दुसरी फेरी मीच मागून घेतली.

का, ते सांगणे अवघड आहे. प्रयत्न करतो. हे चार एकर मी जन्मापासून पाहत आलो. पण त्या सकाळी बोरच्या कालव्याजवळ येताच हवा एकदम गार झाली आणि दहा हात पुढे गेल्यावर पुन्हा तापली, ही सीमारेषा मला प्रथमच अंगाने कळली. शेजारच्या वावरात तुरीच्या काड्या पेटवल्या होत्या, त्यांचा वास. धुऱ्यावरच्या कडुनिंबाला मोहोर आलेला, त्याचा वास. ओलिताच्या गव्हाची कापणी चाललेली, त्याचा कोरडा, गोडसर वास. चालताना हे वास येतात, पण एकेक करून, सवडीने येतात. इथे ते अंगावर कोसळत होते. वेग म्हणाल तर ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या वर नव्हता. पण जमिनीपासून वीतभर उंचीवर, आडोशाशिवाय, तो वेग आपल्याला किती वाटतो! समृद्धी महामार्ग आमच्याच तालुक्यातून जातो. तिथे ताशी एकशेवीसने माझे जावई मला नेतात आणि मी पेंगतो.

दुसऱ्या फेरीत मी चालवायला बसलो होतो. धुऱ्यापलीकडून एका शेतकऱ्याने हात वर केला. मी गाडी थांबवली. त्याला काही काम नव्हते. त्याला हे जनावर काय आहे एवढेच पाहायचे होते. पाच मिनिटे बोललो. कापसाचा भाव, पोराची नोकरी, रानडुकरांनी केलेली नासाडी. बोलून निघालो आणि ॲक्सिलरेटरवर पाय ठेवताना मला एकदम दुसरा एक वर केलेला हात आठवला. त्या आठवणीसाठीच हा लेख लिहीत आहे.

मी १९८२ साली बँकेत लागलो. पहिली काही वर्षे फील्ड ऑफिसर होतो. शाखेला एक जुनी जीप होती. तिचे कापडी हूड फाटले होते आणि नव्या हुडाचा प्रस्ताव वरिष्ठ कार्यालयात पडून होता. तो मंजूर झाला तेव्हा जीपच निकामी झालेली होती. म्हणजे चार वर्षे आम्ही उघड्या जीपमधून फिरलो. विहिरीचे कर्ज, बैलजोडीचे कर्ज, पंपाचे कर्ज. उन्हात भाजलो, पावसात भिजलो, काळ्या मातीत चाके रुतली की गावकऱ्यांनीच ढकलून काढली. पण त्या जीपमधून जाताना कोण कुठे उभा आहे, कोणाच्या वावरात पीक पिवळे पडले आहे, हे पाहावे लागत नसे, ते दिसतच असे. लोक हात करीत. आम्ही थांबत असू. वसुलीला निघालो की जीप कोसावरून ओळखू येई आणि ज्याला तोंड चुकवायचे तो सवडीने मागच्या दाराने निघून जाई. तेव्हा याचा राग येई. आता वाटते, तेवढी मोकळीक माणसाला असावी. अब्रू राखायला दहा मिनिटे तरी मिळावीत.

पुढे बढत्या मिळाल्या. काचा वर करता येणारी, थंड हवेची गाडी आली. कोणालाही येते तसे मलाही बरे वाटले. शर्टाची इस्त्री टिकू लागली. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले त्यांत आमचा वर्धा जिल्हा होता. त्या दौऱ्यात ते आमच्या जिल्ह्यातल्या वायफडलाही येऊन गेले. पॅकेजच्या आधीच्या वर्षातली गोष्ट. केळझरकडून परत येत होतो. फाट्यावर एक शेतकरी उभा होता. ओळखीचा. उघड्या जीपच्या काळात त्याच्या विहिरीचे कर्ज मीच दिले होते. त्याने हात वर केला. मला तो दिसला. पण काच वर होती, आत गार होते, शाखेत बैठक होती, आणि बाहेरच्या उन्हात काच खाली करायचा कंटाळा आला. ड्रायव्हरला मी थांब म्हणालो नाही.

तो कर्जाचे पुनर्गठन करून घेण्याविषयी विचारणार होता, हे मला नंतर कळले. मुदत चार दिवसांवर होती. ती गेली. मग तो सावकाराकडे गेला, आणि पुढच्या तीन वर्षांत त्याचे दोन एकर गेले. मी थांबलो असतो तर ते वाचले असते का? कदाचित नसतेही. पण ते 'कदाचित' वीस वर्षे माझ्याजवळ आहे.

म्हणून मला उघड्या गाडीबद्दल जे वाटते ते नुसते मौजेचे नाही. उघड्या गाडीतल्या माणसाला न पाहिल्याचा बहाणा करता येत नाही. सगळे त्याला पाहत असतात आणि त्यालाही सगळे दिसत असते. पवनारच्या आश्रमातले विनोबा १९५१ च्या मार्चमध्ये तेलंगणाकडे निघाले ते पायी. १८ एप्रिलला पोचमपल्लीत त्यांना भूदानाची पहिली जमीन मिळाली. ते मोटारीने गेले असते तर सभा झाली असती, हारतुरे झाले असते, जमीन मिळाली असती की नाही मला शंका आहे. आमच्या उंबरठ्याशी हा इतिहास घडला आणि आज आमचेच अधिकारी, पुढारी, आणि निवृत्त बँकवालेही, काळ्या काचांआडून शेतीचे प्रश्न पाहतात.

हे सगळे मी घरात मोठ्या उत्साहाने सांगत होतो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी भांडी घासत ऐकत होत्या. त्या कापूस वेचायलाही जातात. त्या म्हणाल्या, "तुमाले एक दिवस हवा लागली तं बरं वाटलं, भाऊजी. आमाले तं रोजच लागते."

माझे तोंड बंद झाले. वेचणीच्या दिवसांत पहाटे आमच्या चौकातून मालवाहू टेम्पो निघतात. एकेकात वीस-पंचवीस बाया, उभ्या, एकमेकींना धरून. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतही तसेच. त्यांना पाच पट्टे नाहीत, हेल्मेट नाही, डोक्यावर नळ्यांचा पिंजरा नाही. मालाच्या गाडीतून माणसे नेऊ नयेत असा कायदा आहे आणि तो रोज पहाटे मोडला जातो, कारण दुसरी सोय नाही. टेम्पो उलटला की दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी येतात. माझी गाडी मी हवी तेव्हा थांबवू शकतो, हवी तेव्हा गोठ्यात लावू शकतो. म्हणून तिच्या उघडेपणात मौज आहे. मावशींना ती सोय नाही.

तेव्हा माझे म्हणणे आता असे आहे. ज्यांच्या हातात निर्णय आहेत त्यांनी महिन्यातून एक दिवस तरी उघड्यावर यावे. जीपने, सायकलने, पायी, कसेही. आणि ज्यांना रोज उघड्यावर उभे राहून जावे लागते त्यांना टप आणि बसायला जागा मिळावी. हंगामात मजुरांसाठी पहाटेची एक बस सोडणे महामार्ग बांधण्याहून अवघड नसावे.

गेल्या महिन्यात मी त्या शेतकऱ्याच्या घरी जाऊन आलो. स्कूटरने गेलो. तो वारून सहा वर्षे झाली होती. मुलाने ओळखले, खाट टाकली, चहा केला. मी बरेच आढेवेढे घेऊन फाट्यावरची ती गोष्ट काढली. त्याला ती माहीत होती. घरात बोलणे झाले होते.

"बाबा म्हणे," तो म्हणाला, "साहेबाचं लक्ष नसन. दिसलो असतो तं थांबलेच असते ते."

मी चहा संपवला. मला तो दिसला होता, एवढे वाक्य मला तिथे बोलता आले नाही. म्हणून इथे लिहिले.