गहाण टाकलेली आठवण

दिवाळीत कोणाच्या घरी फराळाला जावे, तर हल्ली चकलीच्या आधी एक व्याख्यान वाढले जाते. "या मोबाइलने पोरांचा मेंदू पार सडवला हो!" व्याख्यान देणारे गृहस्थ बहुधा चाळिशी उलटलेले असतात, आणि बोलताना त्यांचा अंगठा मांडीवरच्या मोबाइलवर खालीवर चालूच असतो. अमरावतीच्या राजापेठेपासून अकोल्याच्या रामदासपेठेपर्यंत हे व्याख्यान मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते मला पाठ झाले आहे. (पाठ व्हावे असे निदान एवढे तरी जगात उरले, हेही नसे थोडके!) या सद्गृहस्थांशी माझे भांडण आहे. ते आज चार वाचकांसमक्ष करून टाकतो.

आधी ते 'सडणे' बाजूला काढू. मानफ्रेड श्पिट्झर नावाच्या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने २०१२ साली एक पुस्तक लिहिले. त्याच्या नावातच त्याने यंत्रांमुळे येणाऱ्या स्मृतिभ्रंशाची हाकाटी केली, आणि ते नाव वाऱ्यासारखे जगभर पसरले. परंतु असा काही रोग वैद्यकाच्या वहीत नोंदलेला नाही. उलट २०२५ साली दोन अमेरिकन संशोधकांनी पन्नाशी ओलांडलेल्या चार लाखांहून अधिक माणसांवरचे ५७ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा संगणक-मोबाइल वापरणाऱ्यांत बुद्धी ढासळण्याचे प्रमाण कमीच दिसले. आता, ज्याचे डोके तल्लख तोच म्हातारपणी मोबाइल शिकतो, असेही असू शकेल. म्हणून मोबाइल हे औषध आहे असे मी म्हणणार नाही. शिवाय ही मंडळी वाढली ती मोबाइल नसताना. त्यांच्यावरून आजच्या पोराचे भविष्य वर्तवता येत नाही. पण मेंदू 'सडतो' असे छातीठोक सांगणाऱ्याच्या हाती पुरावा नाही, एवढे नक्की.

मग सारे आलबेल आहे काय? मुळीच नाही. सडणे वेगळे आणि गहाण पडणे वेगळे. सडलेली वस्तू गेली. गहाण पडलेली आपलीच असते, पण लागेल तेव्हा सावकाराच्या दारात उभे राहावे लागते. वऱ्हाडातल्या कास्तकाराला हा फरक मी काय समजावून सांगावा!

एकदा अकोल्याहून बडनेऱ्याला येत होतो. मूर्तिजापूर सुटल्यावर गाडी मध्येच उभी राहिली ती राहिलीच. शेजारचा तरुण, चांगला इंजिनिअर झालेला, अदबीने म्हणाला, "काकाजी, तुमचा फोन द्या बरं जरा. माह्या बंद पडला. घरी सांगाचं हाये."

"घे बापा. नंबर सांग."

"नंबर तं माह्या फोनातच हाये नं!"

"बाबाचा?"

"तोबी."

"आन् आईचा?"

पोरगा हसला, पण ते हसू काही खरे नव्हते. जिच्या पोटी जन्म घेतला तिचे दहा आकडे त्याच्यापाशी नव्हते. ते एका बंद पडलेल्या काचेच्या तुकड्यात होते. त्या पोराच्या मेंदूत काही बिघाड होता का? अजिबात नाही. त्याने ते आकडे तिथे कधी ठेवलेच नव्हते.

नेमके हेच एका प्रयोगात दिसले होते. २०११ साली बेट्सी स्पॅरो आणि तिच्या सहकाऱ्यांनी माणसांना काही वाक्ये संगणकावर टंकायला लावली. निम्म्यांना सांगितले, हे जपून ठेवले जाईल. निम्म्यांना सांगितले, हे पुसले जाईल. पुसले जाईल असे ज्यांना वाटले त्यांना ती वाक्ये जास्त आठवली. जपले जाईल म्हणणारे निश्चिंत राहिले आणि विसरले. (त्याच लेखातला दुसरा एक प्रयोग २०१८ साली पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा निकाल आला नाही, हेही सांगितले पाहिजे. आपल्या बाजूचा तेवढा पुरावा दाखवणे हे वकिलाला शोभते, भांडखोराला नव्हे.)

आठवण ही कोठीतल्या धान्यासारखी नाही. धान्य काढले की कमी होते. आठवण काढली की वाढते. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ साली विद्यार्थ्यांच्या दोन टोळ्या केल्या. एकीने धडा पुनःपुन्हा वाचला. दुसरीने एकदा वाचून पुस्तक मिटले आणि आठवून लिहिले. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवणारे पुढे निघून गेले. आमच्या मास्तरांनी पावकी-निमकी-दिडकी रोज संध्याकाळी म्हणून घेतली, ती काय हौस म्हणून? लंडनच्या टॅक्सीवाल्यांचे तर मेंदूच तपासले आहेत. त्यांना परवान्यासाठी सुमारे पंचवीस हजार रस्ते पाठ करावे लागतात. एलिनॉर मॅग्वायरच्या चमूने २०११ साली दाखवले की जे शिकाऊ उमेदवार ती परीक्षा उतरले, त्यांच्या मेंदूतला स्मरणाचा एक भाग शिकता शिकता भरला होता. नापास झालेल्यांचा नव्हता. आणि आम्ही? राजकमल चौकातून अंबादेवीला जायचे तरी मोबाइलातल्या बाईला वाट विचारतो!

आणि हे विसरण्याचे नखरे कोणी करावेत, तर वऱ्हाडाने? मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपुरात १२७८च्या सुमारास म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा जमवल्या, त्या माणसांच्या तोंडून. नागदेवाचार्यांना आठवत होते, म्हणून मराठी गद्याचा तो पहिला मोठा ग्रंथ आज आहे. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी गेली, तेव्हा शिष्यांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली. त्यात पाठभेद शिरले हे खरे; स्मरण चुकते, ते काही दगडी शिलालेख नव्हे. पण पोथी जळाल्यावर ज्याच्या डोक्यात ती असते त्याच्यापाशी चुकण्यापुरते तरी काही असते. माधानचे गुलाबराव महाराज अवघ्या काही महिन्यांचे असताना त्यांची दृष्टी गेली. दुसऱ्यांनी वाचून दाखवलेले ऐकून, ध्यानात धरून, त्यांनी शंभरावर ग्रंथ सांगितले आणि १९१५ साली वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेले. आपल्याला डोळे आहेत. ते कुठे लावले आहेत, ते वाचकांनीच पाहावे.

कोणी म्हणेल, लिहिणे निघाले तेव्हाही हीच ओरड झाली होती. झाली होती खरी. लिपी आल्याने माणसे विसराळू होतील, असे एका इजिप्ती राजाच्या तोंडून प्लेटोने बजावले आहे, आणि ते लिहूनच! पण पोथीने कधी मध्यरात्री खिशात किणकिणाट केला नाही. ज्ञानेश्वरी वाचताना ज्ञानेश्वरीतून शेजाऱ्याच्या लग्नाचे फोटो वर आले नाहीत. जे लक्षपूर्वक आत घेतलेच नाही ते आठवणार कुठून? पोथी आठवण सांभाळत होती. हे यंत्र लक्षच पळवते, आणि लक्ष पळवण्यावरच त्याच्या कंपन्यांचा धंदा चालतो.

आता माझ्या मूळ भांडणाकडे येतो. आमच्याच वऱ्हाडात, यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात, बान्सी नावाचे गाव आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव केला, की अठरा वर्षांखालच्या मुलांनी मोबाइल वापरू नये. करोनाच्या काळात शाळेसाठी म्हणून हाती दिलेला मोबाइल शाळा उघडल्यावरही सुटेना, म्हणून गाव एकत्र बसले. मी त्या गावाला मनापासून रामराम करतो. ज्या विषयावर शहरे नुसती कुरकुरतात त्यावर त्याने हात वर केला. पण ठराव वाचून मला एकच प्रश्न पडला: अठरा का? एकोणिसाव्या वर्षी मेंदूला कवच फुटते काय?

त्याच वर्षी ऑगस्टात सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने दुसरी रीत काढली. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजायचा, आणि साडेआठपर्यंत गावातले टीव्ही व मोबाइल बंद. मुलांनी अभ्यासाला बसायचे आणि मोठ्यांनीही मोबाइल ठेवून द्यायचा. आजोबांनाही भोंगा, नातवालाही भोंगा. मला हा ठराव अधिक शहाणपणाचा वाटतो. बाप ओसरीवर व्हिडिओ पाहतो आहे आणि आत पोरगा 'स्मरणशक्तीचे महत्त्व' या विषयावर निबंध लिहितो आहे, या देखाव्यात पोराने काय शिकावे? तो निबंधही मोबाइलातूनच उतरवणार!

म्हणून माझी वऱ्हाडातल्या ग्रामसभांना आणि शहरांतल्या गृहस्थांना विनंती आहे, की ठराव करताना वयाचे कलम गाळा. मोबाइल फेकून द्या असे मी म्हणत नाही. कापसाचे भाव, रेल्वेची वेळ, दवाखान्याचा पत्ता त्यात खुशाल पाहा. पण घरातल्या माणसांचे नंबर, रोजच्या वाटा, दोन आरत्या आणि तिसापर्यंतचे पाढे हे तारण ठेवण्याचे जिन्नस नव्हेत.

सुरुवात भाऊबीजेलाच करता येईल. ओवाळायच्या आधी बहिणीने तबक जरा मागे घ्यावे आणि भावाला आपला नंबर विचारावा. मोबाइलला हात न लावता दहाही आकडे आले, तर ठरलेली ओवाळणी. न आले, तर दुप्पट.