पाण्याचं बिल आणि संस्कृतीची ढाल

क्रूझवरून परतलेल्या मराठी माणसाची एक तक्रार ठरलेली असते. जेवणाचे पैसे तिकिटात घेतले, रोज रात्री चार-पाच पदार्थ आणून वाढले, आणि पाण्याच्या बाटलीचं बिल मात्र वेगळं लावलं. ही तक्रार निघाली की बैठकीतला एखादा जाणकार लगेच समजूत घालतो: अहो, ती युरोपची पद्धत आहे, तिथे पाणी विकतच घ्यायचं असतं, पाहुण्यापुढे आधी तांब्या ठेवण्याची आपली चाल तिकडे नाही. तक्रार करणारा गप्प बसतो. मला या दोघांचंही म्हणणं पूर्ण पटत नाही. पण जाणकाराचं जास्त खटकतं, कारण ते अर्धंच खरं आहे आणि त्या अर्ध्या सत्याच्या आडोशाने कंपन्यांचा हिशेब सुखाने चालतो.

त्यातलं जे खरं आहे ते आधी मान्य करतो. अमेरिकेत हॉटेलात टेकलात की न मागता बर्फ घातलेलं पाणी समोर येतं आणि त्याचे पैसे पडत नाहीत. इटलीत वेटर साधं हवं की फसफसतं एवढंच विचारतो. दोन्ही बाटलीतलं आणि विकतचं. जर्मनीत नळाचं पाणी मागितलं तर पुष्कळ ठिकाणी कपाळाला आठी पडते. तिथे तर कायद्यानेच सांगावं लागलं की दारू विकणाऱ्या हॉटेलात निदान एक बिनदारूचं पेय सर्वांत स्वस्त दारूपेक्षा महाग असता कामा नये. म्हणजे पाण्यापेक्षा बिअर परवडते ही कुरकुर काही फक्त आपल्या पर्यटकांची नाही.

हे फरक जहाजावरही चढतात. रॉयल कॅरिबियन किंवा कार्निव्हल या अमेरिकी बाजारपेठेतल्या कंपन्यांच्या मुख्य भोजनगृहात साधं पाणी, चहा, साधी कॉफी जेवणात धरलेली असते. कोकाकोला आणि दारूचे पैसे वेगळे. कोस्टा किंवा एमएससीच्या भूमध्य समुद्रातल्या सफरीत पाण्याची बाटली टेबलावर येते आणि तिची रक्कम खोलीच्या कार्डावर चढते. रोज एक सही. शेवटच्या रात्री एकत्रित बिल हातात पडलं की त्या सह्यांची बेरीज कळते.

इथवर जाणकार बरोबर आहे. पण ज्याला तो ‘युरोपची पद्धत’ म्हणतो ती युरोपातल्या नेमक्या कुणाची? फ्रान्समध्ये जेवायला बसलेल्या गिऱ्हाइकाला नळाच्या पाण्याचा चंबू फुकट द्यायचा ही जुनी वहिवाट आहे, आणि २०२० च्या कायद्याने तर असं पाणी मिळतं हे गिऱ्हाइकाला दिसेल असं सांगणंही हॉटेलांवर बंधनकारक केलं. स्पेनने २०२२ मध्ये तसाच कायदा केला. इंग्लंड आणि वेल्समध्ये दारूचा परवाना असलेल्या जागेत गिऱ्हाइकाने मागितलं तर पिण्याचं पाणी फुकट द्यावं लागतं, हा नियम २०१० पासून आहे. इटलीत असा कायदा नाही, एवढंच. मार्सेय आणि बार्सेलोना ही बंदरं घेणाऱ्या जहाजावर इटलीची चाल सगळ्या खंडाची म्हणून खपवली जाते, आणि आपण ती खपवून घेतो.

त्याहून मोठा पुरावा जर्मन प्रवाशांचा आहे. आयडा ही जर्मन प्रवाशांसाठी चालवलेली कंपनी कोस्टाच्याच घरातली. दोघी कार्निव्हल या एकाच मोठ्या समूहाच्या, दोघींच्या जहाजांवर इटलीचा झेंडा. आयडाच्या बुफे भोजनगृहांत जेवणाच्या वेळी पाणी तर सोडाच, टेबलावरची वाइन, बिअर आणि सरबतंही तिकिटातच येतात. नळाचं पाणी मागितल्यावर नाक मुरडणाऱ्या देशातला माणूस जहाजावर मजेत फुकट बिअर पितो! आकारणी संस्कृतीने ठरत असती तर हाच जर्मन सर्वांत आधी पैसे मोजताना दिसला असता. प्रत्यक्षात कंपनीने पाहिलं की जर्मन कुटुंब ‘सगळं धरून’ असलेलं तिकीट पटकन घेतं. तिने तसं तिकीट काढलं. नॉर्वेच्या उद्योजकाने काढलेल्या व्हायकिंग कंपनीनेही दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबरची वाइन आणि बिअर तिकिटात घातली आहे. तिचा प्रवासी वयस्क आणि पैसेवाला असतो, त्याला दर वेळी सही करण्याचा कंटाळा येतो, हे तिने ओळखलं.

ऋतू पालटला की कित्येक जहाजं भूमध्य समुद्र सोडून कॅरिबियनकडे जातात. खलाशी तेच, टाक्या त्याच, पाणीही तसंच बनवलेलं. टेबलावर अमेरिकी प्रवासी येऊन बसले की मात्र बर्फाचं पाणी फुकट सुरू होतं. रोमच्या एका आजीबाईंना आणि मायामीच्या एका आजोबांना एकाच खुर्चीवर वेगळा नियम लागू होतो तो समुद्र बदलला म्हणून नव्हे. आजोबा आरडाओरड करतील आणि आजीबाई करणार नाहीत, हा त्यामागचा अंदाज.

यावर कंपनीची बाजू घेणारा म्हणेल की समुद्रात गोडं पाणी मिळवणं सोपं आहे का? फार अवघडही नाही. मोठी प्रवासी जहाजं समुद्राचं पाणी दाबाने पडद्यांतून गाळून गोडं करतात, किंवा इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर त्याची वाफ करून. अमेरिकी बंदरांना लागणाऱ्या जहाजांच्या टाक्या तिथलं आरोग्य खातं तपासतं. शिवाय बहुतेक जहाजांवर वरच्या मजल्यावरच्या बुफेत हेच पाणी नळाखाली पेला धरला की फुकट मिळतं. भूमध्य समुद्रातल्या त्या सफरींत मात्र खालच्या भोजनगृहात पांढऱ्या चादरीच्या टेबलावर बसलात की ते मिळत नाही. खर्चाचा मुद्दा इथेच निकालात निघतो.

तिकीट स्वस्त ठेवायचं आणि कमाई जहाजावरच्या खर्चातून करायची, हा युक्तिवाद मात्र प्रामाणिक आहे. रॉयल कॅरिबियनला २०२३ साली सुमारे १३.९ अब्ज डॉलर मिळाले, त्यातले सुमारे ४.३ अब्ज तिकिटाबाहेरचे: पेयं, जुगार, सहली, वायफाय वगैरे. धंदा आहे, करू द्यावा. पण मग तो धंदा म्हणूनच बोलावा. संस्कृतीचं नाव पुढे करू नये.

आता तक्रारकर्त्याकडे वळतो. ‘आम्ही पाणपोया घालणारे लोक, आम्हाला पाण्याचे पैसे मोजायला लावता?’ हा त्याचा आवाज मला थोडा खोटा वाटतो. मुंबई-पुण्याच्या हॉटेलात ‘बिसलेरी की साधं?’ हा प्रश्न आपण रोज ऐकतो, आणि चार पाहुणे सोबत असले की साधं म्हणायला आपणच लाजतो. बिसलेरी हे नावही मूळचं इटालियनच. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली निकाल दिला की हॉटेलवाला पाण्याच्या बाटलीचे छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेऊ शकतो, कारण तो बसायला जागा आणि सेवाही देतो. तेव्हा माणुसकी फक्त आपल्याकडे आणि लूट फक्त त्यांच्याकडे, हे म्हणणं टिकत नाही.

दारूचं काय? इथे मी अनेक मराठी प्रवाशांच्या विरुद्ध आहे. ‘वाइनसुद्धा जेवणात धरा’ ही मागणी ऐकायला उदार वाटते, पण तिची किंमत न पिणारा भरतो. सोलापूरच्या एखाद्या माळकरी जोडप्याच्या तिकिटात शेजारच्या टेबलावरच्या चौघांच्या बाटल्यांचा वाटा का असावा? ज्याने प्यायली त्याने मोजावे, हीच नीट रीत. म्हणून काही अमेरिकी कंपन्यांचा एक नियम मला सगळ्यात आक्षेपार्ह वाटतो: एका खोलीतल्या एकाने दारूचं पॅकेज घेतलं की त्या खोलीतल्या दुसऱ्या प्रौढानेही ते घ्यायचं. कार्निव्हलमध्ये या पॅकेजवर दिवसाला १५ मद्यपेयांची मर्यादा आहे; म्हणजे मोजदाद ठेवता येते हे कंपनीला ठाऊक आहे. मग एक पेलाही न पिणाऱ्या बायकोला ते घ्यायला लावण्याचं कारण काय? नवरा तिच्या नावावर पिईल ही शंका. शंकेचं बिल तिच्या माथी.

पेयाच्या किमतीवर आपोआप चढणारी टिप हा संस्कृतीच्या त्याच ढालीचा दुसरा उपयोग. अमेरिकी कंपन्या साधारण १८ टक्के किंवा त्याहून जास्त लावतात आणि ‘टिप ही आमच्याकडची रीत’ असं सांगतात. पण पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीने २०१९ मध्ये रोजची टिप वेगळी घेणं बंद करून ती भाड्यातच धरली. ती कंपनीही त्याच कार्निव्हल समूहातली. म्हणजे रीत बदलता येते. आपल्याकडेही दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये हॉटेलांना सक्तीचं सेवाशुल्क लावण्यास मनाई केली.

तरी एक सांगायला हवं. बिल पाहून तडक काउंटरवर जाऊन ‘टिप काढून टाका’ म्हणणाऱ्या आपल्या लोकांचा मला राग येतो. बाटली घेऊन आलेला तो वेटर बहुधा फिलिपिन्सचा, इंडोनेशियाचा किंवा आपल्या गोव्याचा असतो. साष्टी-बारदेशातली गावं पिढ्यान् पिढ्या जहाजांवर माणसं पाठवत आली. मुंबईत धोबीतलावच्या आसपास या खलाशांच्या गावोगावच्या कुडी, म्हणजे सामाईक राहण्याच्या जागा, होत्या; काही आजही आहेत. जहाजावर पाण्याचा दर ठरवणारा माणूस तुम्हाला कधी भेटत नाही. टिप काढली की पगार तुटतो तो वाढणाऱ्याचा.

भांडायचं तर सफरीच्या आधी, आणि इथल्या इथे. मुंबईहून २०२१ पासून निघणाऱ्या कॉर्डेलियाच्या जहाजावर जैन जेवणाची वेगळी सोय आहे, कारण गिऱ्हाइकाने ती मागितली. परदेशी सफरींसाठी जाहिरातीत ‘सर्व जेवण समाविष्ट’ असं ठळक छापणाऱ्या आपल्या सहल कंपन्यांनी त्याखाली एक ओळ वाढवावी: रात्रीच्या जेवणात टेबलावरचं साधं पाणी धरलं आहे की नाही, आणि नसेल तर बाटलीमागे किती पैसे पडतील. ही ओळ छापलेली नसेल तर पैसे भरण्यापूर्वी ती लेखी मागून घ्या.