शिवणीतील माया

चातुर्मास सुरू झाला की अनेक घरांत नवी वस्त्रे न घेण्याचा नियम केला जातो. असाच नियम घेतलेल्या एका महाविद्यालयीन मुलीपुढे साधाच प्रश्न उभा राहिला. आधी घेतलेली जीन्स मांड्यांवर नीट बसत होती. मात्र कमरेला मागच्या बाजूने सैल राहत होती. “आजी, ही कुणाला तरी देऊन टाकते. चातुर्मास संपला की दुसरी घेईन,” ती म्हणाली. आजीने जीन्स उलटी करून पाहिली. “अगं, कापड तर उत्तम आहे. दोष फक्त शिवणीत आहे. तो घरीच दूर होईल.”

आजीच्या बोलण्यात व्रताचे मर्म होते. चार महिने थांबून पाचव्या महिन्यात तीच वस्तू घेतली, तर परिग्रह कमी होत नाही, केवळ लांबणीवर पडतो. श्रावकाच्या चौदा नियमांत वस्त्राची मर्यादाही सांगितली आहे, ती जवळ आहे त्यात निभावण्याची दृष्टी यावी म्हणून. शिवाय कपाशीच्या शेतीपासून निळीच्या रंगाईपर्यंत जीन्ससाठी पाणी फार लागते. अप्काय जीवांचा विचार करणाऱ्या घराने असे वस्त्र लवकर टाकून देऊ नये.

जीन्सचा जन्मही टिकाऊपणासाठीच झाला. अमेरिकेतील जेकब डेव्हिस या शिंप्याने कष्टकऱ्यांच्या विजारींचे खिसे फाटू नयेत म्हणून ताणाच्या जागी तांब्याच्या रिव्हेट ठोकल्या. व्यापारी लेव्ही स्ट्रॉस यांच्यासह त्याला 20 मे 1873 रोजी त्याचे पेटंट मिळाले.

कमरेची दुरुस्ती अवघड नाही. धीर मात्र हवा. प्रथम जीन्स धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्यावी. धुण्यापूर्वीच माप घेतले तर कापड आटल्यावर ते चुकते. मग ती उलटी घालून, मागे मध्यभागी येणारे जादा कापड दुसऱ्या व्यक्तीकडून चिमटीत धरवून टाचण्या लावाव्यात. लगेच खाली बसून पाहावे. उभे असताना नेमके वाटणारे माप बसल्यावर काचते.

एकूण 3 सेंटिमीटर कमी करायचे असतील, तर मध्यशिवणीच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंटिमीटर धरावे. मागचा लूप काढून कमरपट्टी दोन्ही बाजूंना हातभर नव्हे, वीतभरच उसवावी. त्याखालची बैठकीची दुहेरी शिवण 10 ते 12 सेंटिमीटर मोकळी करावी. खडूची नवी रेघ वर दीड सेंटिमीटर आत घ्यावी आणि खाली येताना जुन्या शिवणीत अलगद मिळवावी. रेघ एकदम वळली तर तेथे कापड फुगते. या रेघेवर आधी कच्चा धावदोरा घालून, कमरपट्टी दुमडून टाचून, जीन्स पुन्हा घालून पाहावी. चालावे, बसावे, वाकावे. समाधान झाल्यावरच पट्टी मध्यभागी कापून जोडावी, कारण तेवढी एकच कृती परत फिरवता येत नाही.

घरच्या मशीनला जीन्सची 16 नंबरची सुई आणि मजबूत दोरा लावावा. टाका 3 मिलिमीटरहून थोडा मोठा असावा. जाड जागी पायडल न दाबता चाक हाताने फिरवावे. रिव्हेटवर सुई गेली तर मोडते. 4 सेंटिमीटरपेक्षा अधिक कापड मागूनच घेतले तर दोन्ही खिसे एकमेकांजवळ सरकतात. अशा वेळी बाजूच्या शिवणी धराव्यात. काही जीन्सच्या पट्टीवर खऱ्या चामड्याचा तुकडा असतो. ती उसवलेलीच असताना तो काढून टाकता येतो.

दुपारी काम संपले. आत उरलेले कापड कापण्यासाठी नातीने कात्री उचलली, तेव्हा आजीने तिचा हात धरला. “राहू दे. तेवढी माया ठेवावी. उद्या अंग भरलं तर हीच उसवून वाढवता येईल.”

क्रोध, मान, माया आणि लोभ या चार कषायांतील माया त्याज्यच आहे. परंतु शिवणीत राखलेली ही माया संयमाला साहाय्य करते. शरीर बदलते, म्हणून प्रत्येक वेळी वस्त्र बदलण्याची गरज नसते. चातुर्मास संपल्यावर त्या मुलीने नवी जीन्स घेतली नाही. नियमाची मुदत संपली होती, आणि गरजही उरली नव्हती.