बाई नुसती चहा पिते!

एका मित्राला मोठ्या हौसेनं 'द नंबर वन लेडीज डिटेक्टिव्ह एजन्सी' वाचायला दिलं होतं. आठवड्यानं पुस्तक परत. "अरे, ह्यात काही घडतच नाही. बाई नुसती चहा पिते!"

आता खोटं कशाला बोला, पहिल्यांदा वाचताना मीही तीस-चाळीस पानं जांभया देत काढली होती. अलेक्झांडर मॅक्कॉल स्मिथची ही मालिका १९९८ मध्ये सुरू झाली आणि तिची वीसहून जास्त पुस्तकं झालीत. बोट्स्वानाची राजधानी गाबोरोन. वडिलांनी मागे ठेवलेली गुरं विकून प्रेशस रॅमोत्स्वे ही बाई डिटेक्टिव्ह एजन्सी काढते. भांडवल काय, तर एक छोटी पांढरी व्हॅन, टाइपरायटर आणि चहाची किटली. खून जवळजवळ नाहीतच. हरवलेला नवरा, संशयी बाप, असल्या केसेस.

पहिल्याच पुस्तकातली एक केस सांगतो (रहस्य फुटतंय, माफ करा). एका बाईच्या दारात एक म्हातारा येतो, मी तुझा बाप म्हणतो आणि घरात ठाण मांडून बसतो. बाप खरा की तोतया? रॅमोत्स्वेबाई नर्सचा गणवेश घालून त्याच्याकडे जातात. मुलीला अपघात झालाय, बापाचंच रक्त हवंय, पण द्यायचं तर तुमच्या जिवाला धोका आहे. म्हातारा लगेच कबूल करतो, मी तिचा बाप नाही! ना बोटांचे ठसे, ना प्रयोगशाळा. बाप म्हणजे काय हे तिला माहीत आहे, बस्स.

आणि हे तिला कळतं कारण ती लोकांना बोलू देते. तिथे आधी रीतसर नमस्कार-चमत्कार, झोप नीट झाली का ही चौकशी, मग चहा आणि मग काम. मित्राला खटकला तो चहा हाच तिचा तपास आहे!

हे मला पुस्तकापेक्षा बाबांमुळे पटलं. ते गावाहून फोन करतात, पाऊस, विहिरीचं पाणी, शेजाऱ्याची म्हैस असं सगळं येतं. मी एका कानानं ऐकत मेल बघत असायचो. "बाबा, काही काम होतं का?" "नाही रे, सहजच." दोन महिन्यांनी आईकडून कळलं, त्यांना चक्कर येत होती. त्या फोनवर सांगणार होते म्हणे. म्हशीनंतर.

असो. ही पुस्तकं फार गोड आहेत, एड्सनं होरपळणारा बोट्स्वाना त्यात दिसत नाही, असा आक्षेप घेतात. थोडा खरा आहे. त्या आजाराचं नावही लेखक सहसा घेत नाही. पण मकुत्सी ह्या सेक्रेटरीचा भाऊ त्यातच खंगतो. खुद्द रॅमोत्स्वेबाईंनी मारकुटा नवरा भोगलाय, तान्हं बाळ गमावलंय. दुःख आहे, फक्त आवाज चढवून सांगितलेलं नाही. पुढच्या काही पुस्तकांत मात्र पाणी जरा जास्त झालंय, हे मीही मानतो.

वाचायची तर पहिल्यापासून वाचा, आणि लागोपाठ तीन-चार वाचू नका, कंटाळाल. मित्राला दुसरा भाग देऊन ठेवलाय. अजून परत आलेला नाही.