जुना संगणक पेढीला जोडा, पण कुलूप काढून नव्हे

जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि एप्रिल २०१८ पासून परराज्यात माल पाठविण्यासाठी ई-वे बिल लागू झाले. तेव्हापासून भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या कापडबाजारात संगणकाशिवाय पेढी चालविणे कठीण झाले आहे. बिलांसाठी एक, सूत व ताग्यांच्या हिशेबासाठी दुसरा, अशी गरज वाढत जाते. मग घरातला मुलांचा जुना संगणक पेढीवर आणून बाकीच्यांना जोडला जातो.

या काटकसरीला आम्ही नावे ठेवणार नाही. इसराफ म्हणजे उधळपट्टी इस्लामला नापसंत आहे. चालती वस्तू भंगारात घाला, असे विक्रेता म्हणेल, आम्ही म्हणणार नाही. जोडणीही अवघड नाही. जुन्या संगणकाची तार स्विचच्या पेटीत लावली की जुने व नवे यंत्र आपापसात वेग जुळवून घेतात. ही तार शंभर मीटरपर्यंत चालते, म्हणजे पुढची पेढी व मागचे गोदाम सहज जोडता येते. प्रत्येक संगणकाला क्रमांक देण्याचे काम राउटर स्वतःच करतो.

खरी अडचण त्यानंतर येते. तार लागते, पण नवा संगणक जुन्याला ओळखत नाही. विंडोज एक्सपीसारखी जुनी प्रणाली फाइलींची देवाणघेवाण एसएमबी नावाच्या पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीने करते. ती असुरक्षित ठरल्यामुळे मायक्रोसॉफ्टने २०१७ च्या अखेरीपासून नव्या विंडोजमधून ती काढण्यास सुरुवात केली. दुरुस्तीवाला येतो, नव्या संगणकावर तीच पद्धत पुन्हा चालू करतो, पासवर्ड काढतो, संपूर्ण डिस्क सर्वांना खुली करतो आणि "झाले काम" म्हणून निघून जातो. काम होते खरे, पण ते कुलूप काढून झालेले असते.

याचा परिणाम काय होतो, हे जगाने १२ मे २०१७ रोजी पाहिले. वॉनाक्राय नावाचा व्हायरस याच पद्धतीतील त्रुटीतून, कोणी बटण न दाबता, एका संगणकातून दुसऱ्यात शिरत गेला. सुमारे दीडशे देशांतील संगणकांच्या फाइली त्याने बंद केल्या आणि त्या सोडविण्यासाठी प्रत्येकी तीनशे डॉलरपासून पुढे खंडणी मागितली. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. या त्रुटीवरची दुरुस्ती त्याच वर्षी मार्चमध्ये आली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती ते सापडले. जुन्या प्रणालींना तर अशा दुरुस्त्या मिळणेच थांबते. एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ मध्ये, विंडोज सातचा जानेवारी २०२० मध्ये आणि विंडोज दहाचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला.

आमचे स्पष्ट मत असे की, पेढीचे खाते ही एकट्या मालकाची मिळकत नसते, ती अमानत असते. त्यात यंत्रमाग कारागिराची मजुरी असते, सूतवाल्याची उधारी असते, भागीदाराचा हिस्सा असतो. कुरआनातील सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. लिहिण्याचा हुकूम आहे, तर लिहिलेले सांभाळणेही आलेच. खाते बंद पडले तर मोठा व्यापारी स्वतःच्या वहीवरून हिशेब मांडील. ज्या कारागिराकडे दुसरी नोंद नाही, त्याने आपला हक्क कशावरून सांगावा?

दुसरी बाब घराच्या अब्रूची आहे. घरच्या संगणकात लग्नाचे फोटो, लेकीसुनांची छायाचित्रे, आधारकार्ड, बँकेची कागदपत्रे असतात. डिस्क खुली झाली की हे सर्व पेढीवरच्या प्रत्येकासमोर येते. घराला पडदा लावणाऱ्या माणसाने संगणकालाही तो लावला पाहिजे.

म्हणून जोडण्यापूर्वी घरची माहिती दुसऱ्या डिस्कवर काढून संगणक पुसून कोरा करावा. नवी विंडोज त्यावर चालत नसेल तर लिनक्स मिंटसारखी विनामूल्य प्रणाली बसवावी. इंटरनेटवरून बिल करणे व पत्रे लिहिणे यासाठी ती पुरेशी आहे. हिशेबाचे सॉफ्टवेअर मात्र आधार चालू असलेल्या संगणकावरच ठेवावे. एकच फोल्डर खुला करावा, तोही पासवर्ड लावून, आणि प्रत्येक नोकराला वेगळ्या नावाने प्रवेश द्यावा. एखादे जुने डिझाइनचे सॉफ्टवेअर एक्सपीवरच चालत असेल तर तो संगणक जाळ्याबाहेर एकटा राहू द्यावा. दर आठवड्याला खात्याची नक्कल बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती डिस्क काढून ठेवावी. लावलेली राहिली तर व्हायरस तिलाही सोडत नाही.

दुरुस्तीवाल्याला एकच प्रश्न विचारावा: "जोडण्यासाठी तू काय बंद केलेस आणि काय उघडलेस?" पडद्यावरची सूचना इंग्रजीत असते. आमच्यासारख्या उर्दू शाळेत शिकलेल्या व्यापाऱ्याने तिचा अर्थ विचारण्यात कमीपणा मानू नये. कापड घेताना आपण ताग्याची घडी उलगडून पाहतोच. संगणक जोडतानाही तेवढी चौकशी करावी.