अभ्यासिकेबाहेरचे लोकप्रशासन

राज्यसेवा मुख्य परीक्षा 2025पासून वर्णनात्मक झाली. खरे तर हा बदल 2023मध्येच लागू व्हायचा होता. पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले, सर्व रंगांचे पुढारी त्यांच्या पाठीशी धावले आणि महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने दोन वर्षांची मुदत दिली. विद्यार्थ्यांची तक्रार खोटी नव्हती. ज्या बहुपर्यायी पद्धतीवर त्यांनी उमेदीची वर्षे लावली, तीच मोडीत निघत होती. तरीही निर्णय योग्य होता आणि तो पुन्हा फिरवण्याचा मोह आयोगाने टाळावा. चारांतले एक वर्तुळ काळे करण्याचा सराव तहसीलदाराच्या खुर्चीत कामाला येत नाही. तिथे पर्याय छापून कोणी देत नाही.

मात्र प्रश्नपत्रिकेचा साचा बदलला म्हणून अभ्यास बदलतोच असे नाही. रोजगार हमीचेच घ्या. वि. स. पागे यांचे नाव, 1972चा दुष्काळ, 1977चा कायदा, 26 जानेवारी 1979पासून अंमल, हे सारे सदाशिव पेठेतल्या कोणत्याही अभ्यासिकेत झोपेतून उठवून विचारले तरी मिळेल. देशाच्या 2005च्या रोजगार हमी कायद्याला महाराष्ट्राने वाट दाखवली, हेही मिळेल. पगाराच्या पावतीवर दिसणारा व्यवसाय कर 1975मध्ये याच योजनेच्या खर्चासाठी आला, हे थोड्यांनाच सांगता येईल. आणि योजना गावात अडते कुठे, हे विचारले की बहुधा शांतता. मजुराने लेखी काम मागितले की त्याला तारखेची पोच द्यावी लागते. पंधरा दिवसांत काम देण्याची जबाबदारी त्या तारखेपासून सुरू होते. काम मिळाले नाही तर बेकारी भत्त्याचा हक्कही तिच्यावरच उभा असतो. म्हणून पोचच द्यायची नाही, ही सोपी युक्ती. कायदा जिवंत, हक्क गायब! लोकप्रशासन नावाचा विषय नेमका इथे सुरू होतो, आणि आपल्या तयारीच्या बाजारात तो इथेच संपतो.

नव्या रचनेत वैकल्पिक विषय परतला आहे. तो निवडताना पहिला प्रश्न असतो, ‘स्कोरिंग आहे का?’ मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. कॉटचे भाडे, मेसचे पैसे, टेस्ट सिरीजची फी आणि गावाकडून येणारे फोन यांत ज्ञानाची निखळ ओढ टिकवणे अवघड असते. वीरप्पा मोईली यांच्या दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने 2008मध्ये लोकप्रशासनाच्या पदवीतून सनदी सेवेत प्रवेश आणि इतर पदवीधरांसाठी पूरक अभ्यासक्रम सुचवला होता. अभियंते, डॉक्टर, शेतकी पदवीधर यांच्या वाटेत आणखी एक अट नको, असे आमचे मत आहे. पण निवडीआधी प्रशासन कळावे, हा त्यातला आग्रह रास्त होता. आज ‘यशदा’सारख्या संस्थेत प्रशिक्षण मिळते ते निवड झाल्यावर.

न निवडलेल्यांचे काय? 2023च्या तलाठी भरतीत जागा साडेचार हजारांच्या आसपास आणि अर्ज दहा लाखांहून अधिक. म्हणजे बहुसंख्यांना पद मिळणार नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलेले. विद्यापीठांच्या लोकप्रशासन विभागांनी विद्यार्थ्यांना एक सत्र पंचायत समितीत, तहसील कार्यालयात, नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात बसवले आणि श्रेयांक दिले, तर अपयशी ठरलेल्याच्याही हाती काही उरेल. तो सरपंच होईल, पत्रकार होईल, सहकारी संस्था चालवील. निदान आपल्या गावातल्या मजुराला पोच मागायला शिकवील.

आयोगावरही जबाबदारी आहे. ऑगस्ट 2024मध्ये पूर्वपरीक्षा आणि बँक भरतीची परीक्षा एकाच दिवशी आली, त्यावरून पुन्हा आंदोलन झाले आणि तारीख पुढे गेली. वेळापत्रक आधी सांगावे आणि पाळावे, ही फार मोठी मागणी नाही. शिवाय वर्णनात्मक उत्तरांत परीक्षकाच्या मर्जीची शंका येणारच. तेव्हा गुणदानाचे निकष जाहीर करावेत, निकालानंतर प्रत्येकाला त्याची तपासलेली उत्तरपत्रिका पाहू द्यावी आणि मराठीत लिहिणाऱ्याचे पेपर मराठीत विचार करणाऱ्या परीक्षकाकडेच जावेत. पहिल्या तुकडीच्या निकालाआधी आयोगाने एवढे लेखी जाहीर करावे.